भरून येतं, पण कशातून?

गेल्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आंबेडकर जयंतीनिमित्त रक्तदान शिबिर होतं. आमच्या बचत गटातल्या आम्ही सतराजणी ठरवून गेलो. उपाशीपोटी जायचं नाही हे माहीत होतं, म्हणून सगळ्या वरण-भात जेवून निघालो होतो. शिबिरात एका टेबलावर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडत होते. थेंब बुडाला की पुढच्या टेबलावर, तरंगला की बाजूला. आमच्या सतराजणींपैकी चौघींचे थेंब बुडाले. त्या चौघींतल्या एकीचं वजन ४५ किलोपेक्षा कमी भरलं. एकीचं लेकरू अजून अंगावर पीत होतं. म्हणजे सतराजणी गेलो आणि रक्त दिलं दोघींनी.

बाकीच्यांना टेबलावरच्या माणसानं जाता जाता सांगितलं, "तुमच्या अंगात रक्तच नाही बाई. बीट खा, डाळिंब खा." रांगेतली पोरं हसली. परतताना टेम्पोत कुणी फारसं बोललं नाही. रोवणीच्या कामात जिचा हात गावात कुणी धरू शकत नाही अशी आमची एक मैत्रीण आहे. तिचाही थेंब तरंगला होता. ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "माह्या अंगात रक्तच नाही म्हणते, त मंग मी दिवसभर बांधीत वाकून रायतो ते कशाच्या भरोशावर?"

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. नंतर दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं, डॉक्टर मैत्रिणींशी बोलले, थोडं वाचलं. त्यातून जे समजलं ते आपल्या सगळ्या गटांपर्यंत जावं असं वाटलं, म्हणून हा लेख. यात थोडं शरीरशास्त्र आहे आणि थोडा हिशेब. तो हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला भांडताही येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

निळ्या पाण्यातली ती परीक्षा रोगाची नाही. ते मोरचुदाचं पाणी असतं आणि त्याची दाटी अशी ठेवलेली असते की रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल तरच थेंब बुडतो. रक्त द्यायला बाई असो की पुरुष, १२.५ लागतं. पण गरोदर नसलेल्या बाईला 'रक्तक्षय आहे' असं म्हणायची रेघ १२ ची आहे. गरोदर बाईसाठी ११ ची. म्हणजे जिचं हिमोग्लोबिन १२.२ आहे ती आजारी नाही, फक्त आज ती रक्त देऊ शकत नाही. जिचं ८ आहे ती मात्र खरंच अडचणीत आहे. निळ्या पाण्यावर दोघींचेही थेंब सारखेच तरंगतात. त्यामुळे 'तुमच्यात रक्त नाही' हे वाक्य दोघींच्या बाबतीत निरुपयोगी आहे. एकीला ते उगाच घाबरवतं आणि दुसरीला काहीच सांगत नाही. आपण आकडा मागितला पाहिजे.

आणि रक्त 'नाही' असं तर कुणाच्याच अंगात नसतं. ४५ किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असतं. त्यातलं ३५० मिलिलिटर पिशवीत घेतात.

दिलेलं रक्त कसं भरून येतं

रक्त म्हणजे पातळ पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी. पिशवी भरल्याबरोबर शरीर कामाला लागतं. सगळ्यात आधी भरून येतं ते पाणी. आजूबाजूच्या मांसातलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातं, आपण प्यालेलं पाणी त्यात मिसळतं आणि एक-दोन दिवसांत रक्ताचं माप पहिल्यासारखं होतं. म्हणूनच रक्त दिल्यावर पाणी, सरबत भरपूर प्यायला सांगतात आणि लगेच उठू देत नाहीत.

दुसऱ्या टप्प्याला वेळ लागतो. माप भरलं तरी लाल पेशी कमी पडलेल्या असतात. प्राणवायू थोडा कमी पोचतोय हे मूत्रपिंडांना कळतं. तिथून एक संप्रेरक सुटतं आणि हाडांच्या पोकळीतल्या मगजाला निरोप जातो की काम वाढवा. हाडातला मगज हा रक्ताचा कारखाना. तो एरवीही बंद नसतो. लाल पेशी १२० दिवस जगते आणि मरते, तिच्या जागी नवी लागते. दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी तयार होत असतात. रक्त दिल्यावर हा वेग वाढतो. आठवडाभरात नव्या, कोवळ्या पेशी रक्तात दिसू लागतात आणि चार ते आठ आठवड्यांत गेलेल्या पेशी भरून निघतात.

इथपर्यंतचं सगळ्या पत्रकांवर छापलेलं असतं. 'रक्तदानानं अशक्तपणा येत नाही, रक्त पुन्हा तयार होतं' हे खरंच आहे. पण तिसरी गोष्ट पत्रकावर सहसा नसते. कारखाना आहे, कामगार आहेत, निरोपही पोचला. कच्चा माल कुठून आणायचा?

तो कच्चा माल म्हणजे मुख्यतः लोह. त्याच्या जोडीला फॉलिक अॅसिड, बी-१२ जीवनसत्त्व आणि प्रथिनं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनात ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. १२.५ हिमोग्लोबिन असलेल्या बाईनं ३५० मिलिलिटर रक्त दिलं तर जवळजवळ ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, म्हणजे १५० मिलिग्रॅम लोह गेलं. आता बरं खाणाऱ्या माणसाच्या अंगी दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं सुमारे एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेतच जातं. दिवसाला एक मिलिग्रॅम शिल्लक पडली असं धरलं तरी १५० मिलिग्रॅम जमायला पाच महिने लागतील.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. ज्यांच्या अंगात लोहाचा साठा कमी होता अशा रक्तदात्यांना रक्त दिल्यावर रोज लोहाची गोळी दिली, तेव्हा गेलेल्या हिमोग्लोबिनपैकी ८० टक्के भरून यायला साधारण ३२ दिवस लागले. ज्यांना गोळी दिली नाही त्यांना तेवढ्यासाठी १५८ दिवस लागले. शरीर दोघांचंही तयार होतं. फरक कच्च्या मालाचा होता.

आपला हिशेब

आता हाच हिशेब आपल्या अंगाला लावून पाहू.

पुरुषाच्या अंगात लोहाचा साठा सुमारे १००० मिलिग्रॅमचा असतो. बाईच्या अंगात तो ३०० च्या आसपास, पुष्कळजणींच्या अंगात त्याहून कमी. एक पिशवी रक्त दिल्यानं पुरुषाच्या साठ्याला फारसा धक्का बसत नाही. बाईचा निम्मा साठा जातो.

हा फरक आला कुठून? पाळीत महिन्याला ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ३५ धरलं तर वर्षाला ४२० मिलिलिटर होतं. म्हणजे कुठल्याही शिबिरात न जाता प्रत्येक बाई वर्षाला एका पिशवीहून जास्त रक्त देत असते. ज्यांचं अंगावरून जास्त जातं त्यांचं तर विचारूच नका. एका गरोदरपणात नि बाळंतपणात मिळून लागणारं लोह सुमारे १००० मिलिग्रॅम. बाळाला, वारेला, वाढलेल्या रक्ताला आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताला मिळून एवढं लागतं. पुरुषाच्या पूर्ण साठ्याइतकं लोह बाईचं शरीर एका बाळंतपणाला पुरवतं.

शिबिरातल्या त्या रक्ताला आपण 'श्रेष्ठ दान' म्हणतो. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. महिन्याच्या रक्ताला विटाळ म्हणतो. एक रक्त पिशवीत जातं, एक कापडावर. दोन्ही त्याच मगजात, त्याच लोहातून तयार झालेली असतात.

आणि भरपाई? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय असल्याचं नोंदवलं आहे. पुरुषांत हे प्रमाण २२ टक्के आहे. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांमध्ये एवढा फरक आहे. याचं सगळं खापर पाळीवर फोडता येणार नाही.

ताटाची गोष्ट

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईत या प्रश्नावर एका बाईनं काम केलं होतं. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत होत्या, मरत होत्या. जंतू असेल असं पुष्कळांना वाटत होतं. विल्सबाईंनी एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बाया काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली आणि दोष ताटात आहे हे ओळखलं. यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बाया बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय होतं हे कळायला पुढे दहा वर्षं लागली. ते होतं फॉलिक अॅसिड. आज जगभर गरोदर बायांना जी गोळी देतात तिची सुरुवात मुंबईच्या गिरणी कामगार बायांच्या रक्तातून झाली. ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे.

आपल्या जिल्ह्याच्या ताटात काय आहे? भात आहे. भंडारा हा तांदळाचा आणि तलावांचा जिल्हा. पण गिरणीतून पांढरा होऊन आलेल्या तांदळात लोह थोडंच असतं. वरण पातळ. तलावातली मासळी, झिंगे, कधी कोंबडी-मटण घरात येतं. मांसमच्छीतलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. पण फोडी कुणाच्या ताटात पडतात? आधी सासरे, मग नवरा, मग पोरं, त्यातही मुलगे, मग सासू. वाढणारीच्या वाट्याला रस्सा आणि बुडाशी लागलेला भात. ही तक्रार जुनी आहे, आपण तीस-चाळीस वर्षं करतो आहोत. आता तिला मिलिग्रॅमचा हिशेब जोडता येतो एवढंच नवीन.

रोवणीच्या दिवसांत तर पहाटे काळा चहा पिऊन निघायचं, पऱ्हे उपटायचे, दुपारी शिळा भात, पुन्हा चहा. चहा अन्नातलं लोह अडवून धरतो. चिखलात दिवसभर अनवाणी उभं राहायचं आणि गावाला शौचालयं अपुरी असली की त्या मातीतून आकडे-जंत पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. आतड्याला चिकटून तेही रक्तच पितात. टेम्पोतल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. तिचा मगज सतत काम करतो आहे. रित्या कोठारातून जेवढं निघेल तेवढ्यावर तो तिला बांधीत उभी ठेवतो आहे. दम लागतो, छाती धडधडते, पाय भरून येतात, तरी ती उभी आहे. यात तिचा आळस नाही आणि अडाणीपणाही नाही.

बीट आणि डाळिंबाबद्दलही सांगून टाकते. बीटचा लाल रंग रक्ताचा नाही. बीटमध्ये आणि डाळिंबात लोह फार थोडं असतं. आमच्या तालुक्याच्या बाजारात डाळिंबाचा भाव ऐका आणि रोवणीची मजुरी ऐका. असा सल्ला देणाऱ्यानं आपली जबाबदारी झटकली एवढाच त्याचा अर्थ.

नियमाच्या पुस्तकातली बाई

रक्तपेढ्यांचे नियम वाचताना मला एक गोष्ट फार लक्षात राहिली. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुरुषानं एकदा रक्त दिलं की ९० दिवस पुन्हा घ्यायचं नाही. बाईनं दिलं तर १२० दिवस. पाळीच्या दिवसांत घ्यायचं नाही. हे विटाळ म्हणून नाही, फक्त त्या दिवसांपुरतं आहे. गर्भपातानंतर सहा महिने घ्यायचं नाही. बाळंतपणानंतर बारा महिने घ्यायचं नाही. मूल अंगावर पीत असेल तोवर घ्यायचं नाही.

म्हणजे बाळंतपणात झालेली झीज भरून यायला बाईच्या शरीराला वर्षभर उसंत हवी हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. मग ते वर्ष तिला घरात का मिळत नाही? सव्वा महिन्यात ती पाण्याला जाते, तिसऱ्या महिन्यात निंदणाला. वर्षाच्या आत पुन्हा दिवस गेले तर 'देवाची देणगी' म्हणतात. पिशवीभर रक्त घ्यायचं तर डॉक्टर बारा महिने थांबायला सांगतो. दुसऱ्या बाळंतपणासाठी, ज्यात त्याहून कितीतरी जास्त लोह लागतं, नवरा थांबत नाही. आपल्या गटांनी हे नियमांचं पान गावात मोठ्यानं वाचून दाखवावं असं मला वाटतं. बाईला विश्रांती लागते असं आपण म्हटलं तर लाड म्हणून हसतात. रक्तपेढीचा नियम म्हणून सांगितलं तर ऐकतील.

थांबायला न मिळाल्यानं काय होतं याचा अनुभव देशानं घेतला आहे. पूर्वी रक्त विकत मिळायचं. पोटासाठी गरीब माणसं, शरीराला भरून काढायला वेळ न देता, पुन्हा पुन्हा रक्त विकायची. त्यांचं रक्त पातळ होत जायचं आणि रोग पसरायचे ते निराळंच. 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली. न्यायालयाच्या आदेशानं तो बाजार बंद झाला. घरातल्या बाईचं रक्त न थांबता जातंच आहे, त्यासाठी कोणत्या न्यायालयात जायचं?

पुरुषांची ताकद

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीला बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव झाला. रात्रीची वेळ. दोन पिशव्या लागतील, बदल्यात रक्त देणारे आणा असं सांगण्यात आलं. सासरचे चौघे धडधाकट पुरुष बाहेर बाकावर बसले होते. सासू म्हणाली, "कमावता माणूस आहे, त्यानं रक्त देल्लं त घरदार कोण पाहीन?" नवरा खाली मान घालून बसला. मुलीची आई हात पुढे करून उभी होती, तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं. शेवटी भाऊ आणि त्याचा एक मित्र मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर आले. मुलगी वाचली.

त्या नवऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. रक्त गेलं की ताकद गेली, ती परत येत नाही, पुरुषपणाला धक्का बसतो, अशी भीती पुरुषांच्या मनात खोल बसलेली आहे. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात चार लिटरहून जास्त रक्त असतं, १००० मिलिग्रॅम लोहाचा साठा असतो आणि पाळी, गरोदरपण नसतं. रक्त देण्यासाठी याच्याइतकं सोयीचं शरीर नाही. तरी तो घाबरतो. आणि जी दर महिन्याला देते, दर बाळंतपणाला देते, तिच्या ताकदीची काळजी त्या बाकावर कुणाला नव्हती. दिलेलं रक्त भरून येतं हे शिकवायचंच असेल तर ते आधी पुरुषांना शिकवायला हवं.

इथे हक्काचं एक सांगून ठेवते. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला लागणारं रक्त विनामूल्य मिळायला हवं. पैसे मागितले तर विचारा. पण पेढीत रक्त असेल तरच ते मिळणार, आणि ते कुणीतरी आधी दिलेलं असावं लागतं.

मग बायांनी रक्त द्यावं की नाही?

आमच्या बैठकीत यावर वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "बाईचं आधीच इतकं जातं, तिला पुन्हा शिबिरात कशाला ओढता? पुरुषांना देऊ द्या." तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. तरी मला ते पटलं नाही. मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची चळवळ रुजवण्यात लीला मूळगावकर यांचा मोठा वाटा होता. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती समाजकार्यासाठी. चळवळ उभारणारी बाई चालते आणि खाटेवर झोपून रक्त देणारी बाई क्वचितच दिसते, हे काही ठीक नाही. 'बाया अशक्तच असतात' असं म्हणून त्यांना रांगेतून वगळलं की त्या अशक्त का आहेत हा प्रश्नही रांगेतून निघून जातो. जिचं हिमोग्लोबिन, वजन ठीक आहे आणि जिला स्वतःहून द्यायचं आहे तिनं जरूर द्यावं. तिचंही भरून येतं. फक्त नंतर काही आठवडे लोहाची गोळी तिला मिळाली पाहिजे आणि चार महिन्यांच्या आत कुणी पुन्हा गळ घालू नये.

सिकलसेलचं भान ठेवा

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही. नागपूर भागात सिकलसेल असल्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच केली होती. पूर्व विदर्भात, आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत तर विशेषच, हा आजार घरोघर माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १२० दिवस जगत नाही, दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे तिच्या हाडातला मगज रक्तदान न करताही कायम दुप्पट-चौपट कामाला जुंपलेला असतो. तिला फॉलिक अॅसिड सतत लागतं. पण लोह? फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं, आणि वरचेवर रक्त चढवावं लागत असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर आणखी लोह आत येतं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. काळजावर, यकृतावर ते साचतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्ण बाईला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासून सांगितल्या तरच द्यायच्या. जी नुसती वाहक आहे तिची लोहाची गरज मात्र इतर बायांसारखीच असते. 'रक्त कमी आहे, गोळ्या खा' एवढं सरसकट सांगणं आपल्या जिल्ह्यात पुरेसं नाही. दोन्ही तपासण्या हव्यात.

आपण काय करू शकतो

आम्ही जे सुरू केलं ते सांगते. रक्तदान शिबिर घेणाऱ्या मंडळांना आम्ही भेटलो आणि एकच अट घातली: ज्या बाईला परत पाठवाल तिला तिचा आकडा लिहून द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्यावर उपचार होतील अशी चिठ्ठी द्या. एक मंडळ तयार झालं, एक नाही झालं. गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी आता हिमोग्लोबिनचा रकाना आहे. ते गुपित राखायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवायचं.

गोळ्यांचा हक्क वापरायचा. २०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाप्रमाणे गरोदर बाईला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी, इतर बायांना आणि शाळकरी मुलींना आठवड्याला एक गोळी मिळायची आहे. पुष्कळ बाया त्या गोळ्या उकिरड्यावर टाकतात, कारण मळमळतं, संडास काळी होते, घट्ट होते. हे होतं असं आधीच सांगितलं तर त्या घाबरत नाहीत. जेवणानंतर, रात्री झोपताना घेतली तर पुष्कळजणींना सोसते. चहाबरोबर घ्यायची नाही. लिंबू, आवळा, कैरी, चिंच जे मिळेल ते जेवणात असू द्यायचं, त्यानं भाजीतलं लोह अधिक अंगी लागतं. तरोट्याची, हरभऱ्याची भाजी फुकटात मिळते तेव्हा सोडायची नाही. आशाताईला वर्षातून दोनदा जंताच्या गोळीचं विचारायचं. अंगावरून जास्त जात असेल तर 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' म्हणायचं नाही, दाखवायचं.

आणि ताट. आमच्या गटातल्या सहाजणींनी घरी सांगितलं की रविवारी मासळी शिजली की सगळ्यांनी एकदमच बसायचं आणि फोडी मोजून वाढायच्या. दोघींच्या घरी जमलं. एकीच्या सासूनं आठ दिवस अबोला धरला. उरलेल्या तिघींचं अजून चालू आहे. हे घरातलं भांडण गोळ्यांच्या वाटपापेक्षा अवघड आहे, ते टाळून नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही.

टेम्पोत प्रश्न विचारणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं पाच महिने गोळ्या घेतल्या. तिचा आकडा शिबिरानंतर मोजला तेव्हा ९.१ होता. दिवाळीच्या आधी तो ११.४ झाला. अजून रक्त देता येणार नाही. पण तिनं नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला शिबिरात नेऊन बसवलं. मुलगा खाटेवर डोळे मिटून पडला होता, ही शेजारी उभी राहून सांगत होती, "भिऊ नोको. पाणी दोन दिवसात भरते, रक्त दीड महिन्यात. मले ठाऊक आहे."

तिचा आकडा पुढच्या रोवणीच्या आधी आम्ही पुन्हा मोजणार आहोत. तुमच्या गावच्या शिबिरात किती बायांना परत पाठवलं, त्यांना काय सांगितलं आणि पुढे काय झालं, ते आम्हाला लिहून कळवा.